शेषरावचा कडुनिंब

बेबीताई निंदणीहून परतत होती, तेवढ्यात बांधावरच नीलिमाचा व्हिडिओ कॉल आला. पोरगी शिकायला इंग्लंडला. आज सुटी म्हणून कुठलंसं जुनं, मठाचं चर्च पाहायला गेली होती.

"आई, हे पाह्य, सहाशे वर्साची कबर!"

दगडाचा सरदार आणि त्याची बायको शेजारी-शेजारी निजलेले. पायाशी दगडाचं कुत्रं. वरच्या रंगीत काचांतून लाल-निळं ऊन बाईच्या गालावर पडलेलं.

"इतके वर्सं कोनी हात नाई लावला?"

"कोन लावते? भोवती दोरी बांधली हाय."

तिकडे कुत्र्यालासुद्धा जागा, बेबीताईच्या मनात आलं, आणि तिचं तोंड कडू झालं.

तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा शेषराव गेला, तेव्हा रक्षा नदीत न सोडता त्यांनी स्मशानभूमीच्या कोपऱ्यात पुरली आणि वर कडुनिंब लावला. त्यांच्यात आता तशीच रीत आहे. या उन्हाळ्यात स्मशानभूमीला लागून शेत असलेल्या दिनकररावाने तो कोपरा झाडासकट नांगरला. म्हणे, माझ्या हद्दीत येतो! गाव मिठाची गुळणी धरून बसलं. मोजणी होईल तेव्हा होईल, तोवर तिथं सोयाबीन डोलतंय.

नीलिमाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. परीक्षा तोंडावर आलेली, आणि पोरगी बापासारखीच तापट. कळलं असतं तर सगळं टाकून भांडायला आली असती. अन् शेषरावने तर मरताना एवढंच मागितलं होतं, पोरीचं शिक्षण थांबवू नको.

"आई, आता बाबाचं झाड दाखव ना. दर खेपी तू म्हनतेस, रेंज नाई."

बेबीताईची निमित्तं संपली होती. समोर बांधावर एकच कोवळा कडुनिंब होता, दिनकररावाचा. तिने फोन तिकडे वळवला.

"अगं माय! केवढा वाढला वो!"

"हाव. बाबाचाच हाय ना," बेबीताई म्हणाली. जीभ अडखळली नाही, याची तिला स्वतःचीच शिसारी आली.

नीलिमाने फोन समोरच्या बाकाला टेकवला, त्या लाल-निळ्या उन्हात हात जोडले आणि डोळे मिटले. "जय भीम, बाबा."

"ए बेबे!" मागून दिनकरराव ओरडला. "काहून उभी हायेस तिथं?"

नीलिमाने डोळे उघडले. "कोन हाय, आई?"

"कोनी नाई वो," बेबीताई म्हणाली. "बाबाच्या झाडाले पानी टाकाले आला."