भिंतीपलीकडचं पेपरमिंट

थोरल्या जावेच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. नवऱ्याने उभ्या जन्मात एक काम मन लावून केलं नव्हतं, आणि केलं ते नेमकं हे! ती आजारी आईपाशी माहेरी गेली, तेवढ्यात या शहाण्याने त्यांच्या नर्सरीतला पेपरमिंटचा जुना वाफा मुळांसकट खणून जाळला आणि पाकिटातलं बी पेरलं. का, तर जुना वाफा वेडावाकडा पसरत होता म्हणे. वरून बायको परतल्यावर शाबासकीची वाट बघत उभा!

आता ते बी उगवलं होतं. थोरली वाफ्यात बसून एकेक पान चुरडत होती. एकाला साध्या पुदिन्याचा वास, दुसऱ्याला ओल्या गवताचा, तिसऱ्याला वासच नाही. जीभ गार करणारं एकही नव्हतं.

"पाकिटावर पेपरमिंटच लिहिलंय," नवरा पुटपुटला.

"पेपरमिंटला बी धरत नाही, हे तुमच्या आईने तुम्हाला शंभरदा सांगितलं होतं."

सांगितलं होतंच. पाण्याकाठी वाढणारा रानपुदिना आणि बागेतला पुदिना यांचं कधीतरी आपसूक जमलं आणि त्यातून हे झाड झालं. आईबापांपेक्षा झणझणीत, पण पुढे वंश नाही; फुलं येतात ती नुसती शोभेला. कुणीतरी मुळी तोडून दुसरीकडे लावली, तरच ते पुढे जातं. सासूबाईंनी एका काडीपासून तो वाफा वाढवला होता आणि जाताना विश्वासाने थोरलीच्या हाती दिला होता. तो आता राख झाला होता.

तसलं पेपरमिंट आता एकाच ठिकाणी होतं: भिंतीपलीकडे, धाकट्या जावेच्या अंगणात. वाटण्यांनंतर ते तिथे दिसलं, तेव्हा थोरलीने चार गिऱ्हाइकांदेखत तिला चोर म्हटलं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. आता त्याच दारात पदर पसरायचा, तोही नवऱ्याच्या दिवट्या कर्तबगारीपायी! दात-ओठ खात थोरली गेली.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं आणि खुरपं आणलं. माती उकरून तिने एक लांबलचक मुळी धरली आणि ओढली. मुळी निघता निघेना. थोरलीने खाली वाकून हात लावला. मुळी सरळ भिंतीपर्यंत गेली होती, आणि भिंतीच्या पायाखालून पलीकडे, थोरलीच्या वाफ्याकडे.

झाड आपणहून भिंतीखालून इकडे आलं होतं. तरी राग तो रागच. "मग तेव्हाच का नाही दाखवलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे, जाऊबाई?" धाकटी म्हणाली. "तुम्ही येऊन मला चोर म्हणालात." तिने मुळ्यांचा गड्डा थोरलीच्या ओंजळीत ठेवला. "घ्या. चोरीचा माल आहे, जपून न्या."

नर्सरीत गिऱ्हाइकं उभी होती. नवऱ्याने गड्डा बघून खुशीत विचारलं, कुठे मिळालं? थोरलीला त्याचाही संताप आला, आपलाही आला. भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "धाकटीकडून मागून आणलं. तिने कधी चोरलंच नव्हतं. आपलंच झाड तिच्याकडे गेलं होतं."