भोपळ्याच्या कमरेचं माप

मी एक जुनी मापाची टेप आहे, शिवणकामाची. माझ्या दोन्ही टोकांना पितळी पत्रा आहे आणि अंगावर दीडशे सेंटिमीटरचे आकडे आहेत. गेली एकतीस वर्षं मी एकाच गळ्यात राहत आले. तो गळा बाईंचा. बाई कपडे शिवतात.

मित्रांनो, आजवर मी कितीजणांना कवेत घेतलं ते सांगता यायचं नाही. पोट आत ओढून ताठ उभे राहणारे पाहिले. "आकडा मोठ्यानं वाचू नका हं, बाई," असं कानात सांगणाऱ्या पाहिल्या. माप घेताना बाई मला आधी नीट ओढतात आणि मग अंगठा हळूच सरकवून दोन बोटं सैल सोडतात. कपडा काचू नये म्हणून. त्यांच्या हाताला ती सवयच झाली आहे. एकशे तीसच्या पुढचा माणूस मला कधी भेटला नाही. त्यामुळे सगळं जग माझ्या मिठीत मावतं, असा माझा समज होता.

तो समज मोडला बाईंच्या नवऱ्यामुळे. ते कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या अंगणात भोपळे वाढवायला घेतले. साधेसुधे नाहीत, राक्षसी! अख्ख्या अंगणात एकच वेल आणि त्या वेलीवर एकच फळ. बाकीची फळं ते लहानपणीच खुडून टाकत, म्हणजे वेलीनं ओढलेलं सगळं पाणी एकाच्याच पोटात जाईल.

दरवर्षी थंडीच्या तोंडावर बाजाराच्या मैदानात भोपळे तोलण्याची स्पर्धा भरते. तिचा नियम कडक आहे. भोपळा आरपार चिरलेला किंवा सडलेला असेल, तर तो काट्यावर चढत नाही. फिटरकाकांचा भोपळा पाच वर्षांत एकदाही काट्यापर्यंत पोचला नव्हता. कधी तो भर उन्हात उकलला, कधी खालून सडला, तर एका वर्षी देठच मोडला. "पहिला नंबर नको मला," ते म्हणायचे. "एकदा तरी अख्खा भोपळा काट्यावर चढलेला बघायचाय."

सहाव्या वर्षी त्यांनी बाईंना विनंती केली, "रोज सकाळी याचं माप घेशील का? तुझा हात बसलेला आहे."

पहिल्या दिवशी तो चेंडूएवढा होता. मी त्याच्याभोवती दोनदा फिरले आणि मला हसू आलं. तीन आठवड्यांनी माझी दोन्ही टोकं एकमेकांना भेटेनात. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं होतं! बाईंनी मग माझ्या शेपटीला आणखी दोन नव्या टेप शिवल्या आणि माझी लांबी तिप्पट झाली.

उन्हाचे दिवस होते तोवर तो एका रात्रीत पाच-पाच सेंटिमीटर वाढायचा. मित्रांनो, तेवढं उंच व्हायला तुम्हाला जवळजवळ वर्ष लागतं! सकाळी माझी पाठ त्याच्या सालीला टेकली की ऊब लागायची. आत काहीतरी चाललं होतं. आवाज नव्हता, हालचाल नव्हती, पण कालचा आकडा आज मागे पडलेला असायचा. कुणाला मोजताना भीती वाटावी आणि तरी पुन्हा मोजावंसं वाटावं, असं मला आधी कधीच झालं नव्हतं.

शेजारच्या माळ्याला मात्र थट्टा सुचायची. "काका, शाळेत मला प्रत्येक पेपरात भोपळा मिळायचा. पण एवढा मोठा कुठल्याच मास्तरांनी दिला नाही!"

मग रात्री गार होऊ लागल्या. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. काका संध्याकाळी भोपळ्यावर दोन ब्लँकेटं पांघरायचे, कडा विटांनी दाबायचे आणि सकाळी ऊन आलं की काढायचे. बाई म्हणायच्या, "आपल्या पोरींना कधी इतक्या मायेनं पांघरूण घातलंत का हो?" काका नुसते हसायचे. रोजची वाढ एका सेंटिमीटरवर आली. स्पर्धेला नऊ दिवस उरले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरात शेवटचा आकडा होता तीनशे चव्वेचाळीस.

त्याच दिवशी धाकट्या लेकीला ताप भरल्याचा फोन आला आणि बाई तिच्याकडे गेल्या. मी खिळ्यावर लटकत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्वतः मला उचललं. त्यांचा हात फिटरचा. पाइपाला पट्टा आवळावा तसं त्यांनी मला आवळलं. आकडा आला तीनशे एकेचाळीस.

त्यांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच. त्यांचा चेहरा उतरला. "रात्रीत तीन सेंटिमीटर कमी?" ते स्वतःशीच म्हणाले.

मित्रांनो, मी खोटं बोलत नव्हते. कालही मी खरंच बोलले होते. फरक एवढाच, की काल बाईंनी दोन बोटं सैल सोडली होती आणि आज काकांनी मला ताणून धरलं होतं. भोपळा बसला नव्हता, उलट वाढला होता! पण हे त्यांना सांगणार कोण? माझ्या अंगावर आकडे आहेत, तोंड नाही.

पुढच्या सकाळी पुन्हा तीनशे एकेचाळीस, फार तर केसभर जास्त. काकांनी माळ्याला बोलावलं. त्यानं भोपळ्यावर टकटक केलं, कान लावला आणि मान हलवली. या वेळी त्यानं थट्टा केली नाही.

"थंडी बाधलीय, काका. आतून सडायला लागला की माप उतरतं. आजच कापा, चांगला भाग तरी हाती लागेल. आणखी थांबलात तर चिखल होईल."

"हिला फोन करू का?" काका म्हणाले आणि लगेच स्वतःच म्हणाले, "नको. तिकडे पोर आजारी आहे. तिच्या डोक्याला आणखी ताप कशाला."

दुपारी त्यांनी करवत पुसून घेतली. भोपळ्यासमोर ते उकिडवे बसले. मग एक हात त्याच्या पाठीवर ठेवून त्यांनी दुसऱ्या हातानं करवत देठाला लावली.

"अहो! हे काय चाललंय?"

बाई दारात उभ्या होत्या, खांद्यावरची पिशवी तशीच.

"पोर कशी आहे?"

"उतरला ताप. आधी ती करवत खाली ठेवा."

"सडतोय गं तो. तीन सेंटिमीटर उतरला."

"आणा ती टेप इकडे."

बाईंनी मला भोपळ्याभोवती घेतलं, ओढलं आणि आकडा वाचला. "तीनशे पंचेचाळीस."

"अगं, सकाळी एकेचाळीस होता!"

"मग सकाळपासून चार वाढला म्हणा."

"पुन्हा मोज." या वेळी काकांनी आकड्याकडे पाहिलंच नाही, बाईंच्या हाताकडे पाहिलं. "थांब! अंगठा सरकवलास तू. सैल सोडलंस."

बाई स्वतःचा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत राहिल्या. "अगंबाई! रोज असंच करत असणार मी. माणसाला श्वास घ्यायला, जेवून बसायला जागा लागते ना."

"भोपळा कुठे जेवायला बसतो?"

"तीन महिने वेलीवर बसून दुसरं काय करतोय तो?"

काका हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. कुंपणापलीकडून माळी म्हणाला, "मला वाटलंच होतं!"

सात दिवसांनी आठजणांनी मिळून त्या भोपळ्याला पट्ट्यांच्या झोळीत घातलं. मैदानावर एक परीक्षक बॅटरी घेऊन त्याच्या बुडाशी पालथा झोपला आणि सालीचा कण न् कण तपासून उठला. "अख्खा आहे," एवढंच म्हणाला. मग झोळी वर उचलली गेली. तो एवढा थोरला जीव हवेत हळूच डुलला. काट्यावर आकडा उमटला, तीनशे एकाहत्तर किलो. त्याच्याहून मोठे दोन भोपळे तिथे होते. पण काकांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते टोपी काढून उभे होते.

नंतर अंगणात तो कापला. आत केशरी भिंतींची खोलीच होती जणू, आणि तिच्या छताला ओल्या दोऱ्यांवर लोंबत होत्या बिया. बाईंनी त्यातली एक पुसून तळहातावर घेतली आणि कौतुकानं माझ्या टोकाशी धरली. पण माझे पहिले पाच आकडे बोटांनी घासून घासून कधीच पुसले गेले आहेत. तीनशेच्या पुढचं माप सांगणारी मी, त्या बीचं माप काही मला सांगता आलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी जुनी टेप असेल तर तिला दुमडू नका, सैलसर गुंडाळून ठेवा. आणि कुणी खचलंय, कमी झालंय असं कधी वाटलं, तर करवत उचलण्याआधी मापणाऱ्या हाताकडे एकदा बघा. ती बी बाईंनी कागदाच्या पुडीत बांधली आहे. पुडीवर काकांनी भोपळ्याचं माप लिहायला पेन उघडलं, बाईंच्या अंगठ्याकडे बघून हसले आणि न लिहिताच बंद केलं.