अनशापोटी गोळी

तिसऱ्यांदा आंघोळीचं पाणी तापवताना महादेवीनं चुलीत लाकूड असं खुपसलं, की ठिणग्या उडाल्या. तिचे नवरे चन्नप्पा तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसलेले, पुन्हा मधूनच उठून परसाकडं पळाले होते. परत आंघोळ, परत पूजा पहिल्यापासून. पूजा झाल्याबिगर तोंडात घास नाही. शुगरची गोळी मात्र उठल्याबरोबर घशात.

"आजपासून गोळी बंद," ओल्या अंगानं चन्नप्पा म्हणाले. "पूजेत खंड पाडायलीय."

"आन् शुगर वाढून पाय गेला मग? डॉक्टरला पोटाचं सांगा की!"

"पोरीच्या वयाची हाय ती. तिला परसाकडचं सांगू?"

महादेवीचं डोकं फिरलं. लाजेपायी माणूस औषध सोडायला निघाला होता. देवगाव फाट्यावरचं त्यांचं दुकान बंद ठेवायला लावून तिनं त्यांना सेलूला दवाखान्यात नेलं.

"पायाला मुंग्या येतात," चन्नप्पांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

"बाकी काही त्रास?"

"न्हाई. सगळं झकास."

"झकास?" महादेवी उसळलीच. "सकाळधरनं धा वेळा पळायलेत! धोतर धुऊन माझे हात सोलले! अन् म्हणं झकास!"

दाराशी नंबर लावून बसलेला मुंजाजी, त्यांचंच गिऱ्हाईक, खिदळला, "अप्पा, म्हणून दुकान उशिरा उघडायलंय व्हय!"

"हास मेल्या! तुझं पोट सुटंल तवा मी बी येते हसायला!"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी गोळी कधी घेता ते विचारलं आणि कपाळाला हात लावला. "आजोबा, ही गोळी जेवणाबरोबर घ्यायची. अनशापोटी घेतली की पोट जास्त बिघडतं. शिवाय जुन्या शुगरनं पायाच्या नसा बिघडतात, तशा आतड्याच्याही बिघडू शकतात. नेमकं कशानं होतंय ते तपासू. पण गोळी मनानं सोडायची नाही. हे आधी का नाही सांगितलं?"

परतताना रिक्षात चन्नप्पा फणकारले.

"साऱ्या सेलूत डंका पिटलास."

"फाट्यावर बी पिटते. थांबा."

दुसऱ्या दिवशीही ते पूजेतून एकदा उठलेच. महादेवीनं पुन्हा पाणी तापवलं. पूजा आटोपताच ताट आदळलं आणि समोर ठाण मांडून बसली. गोळी तिच्या मुठीत.

"दे इकडं," ते गुरगुरले.

"अर्धी भाकर पोटात जाऊ द्या. मग."

रागारागानं त्यांनी मोठा तुकडा मोडला. तिनं मूठ आणखी घट्ट केली.