गाडी उभी होती

पडदा खिडकीवर चढला की लोक त्याच्या चुण्या बघतात. कापड सरळ कुणी कापलं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. एवढ्या एका गोष्टीवरून थोरलीच्या पोटात गेली सहा वर्षं दुखत होतं.

दोघी जावा जावा. घराच्या पुढच्या खोलीत पडदे शिवायचं काम. थोरली बेतायची आणि कापायची, धाकटी शिवायची. गिऱ्हाईक दारात आलं की विचारायचं, "शिवणाऱ्या बाई आहेत का?" थोरली हातात ही एवढी मोठी कात्री घेऊन समोर उभी असायची, तरीही! सासूबाईसुद्धा आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या धाकटीच्या हातात जादू आहे हो." मग थोरली आत जाऊन भांडी जरा जोरातच आपटायची. धाकटीच्या अंगी वाईट म्हणाल तर काही नव्हतं, आणि थोरलीला खरा राग त्याचाच होता.

त्या दिवशी सकाळी दोघी स्कूटरवरून एका वकीलबाईंच्या घरी पडदे बसवायला गेल्या. वकीलबाईंनी पडदे ओढून पाहिले आणि धाकटीच्या पाठीवर थाप मारली. "काय सुरेख चुण्या पडल्यात! बसा, तुमच्या मदतनीस बाईंनाही चहा सांगते."

मदतनीस! थोरलीच्या अंगाची नुसती लाही लाही झाली. तिने चहाला हात लावला नाही. परत येताना मागच्या सीटवर ती गाल फुगवून बसली.

"वहिनी, एवढं काय मनाला लावून घेता?" उताराच्या रस्त्यावर धाकटी म्हणाली. "मी सांगितलं ना त्यांना, कापणं तुमचं आहे म्हणून."

"उपकार झाले तुझे! थांबव गाडी. मी चालत येते."

थोरली उतरली. धाकटी थोडी पुढे गेली, मग तिने रस्त्याच्या अगदी कडेला गाडी उभी केली आणि एक पाय फुटपाथवर टेकून मागे वळून पाहिलं. "वहिनी, या हो, बसा! ऊन किती आहे!" थोरलीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बघू दे वाट, तिच्या मनात आलं. उलट तिने चाल आणखी मंद केली.

तेवढ्यात एक रिकामा जोडट्रक तिच्या शेजारून धडधडत खाली गेला. पुढे इंजिनाचं धूड आणि मागे लांबलचक ट्रेलर, असा तो ट्रक. खाली वळण आलं आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. पुढचं धूड मंदावलं, मागचं मंदावेना. मिटणाऱ्या चाकूसारखा ट्रेलर बाजूने दुमडत आला आणि फुटपाथपर्यंतचा सगळा रस्ता झाडून गेला. तिथे एक पाय टेकून धाकटी उभी होती.

आमच्याकडे अपघात झाला की डॉक्टरांच्या आधी एक गृहस्थ येतात. ते ट्रकमालकांचे पगारी माणूस. लोक त्यांना समजूतवाले म्हणतात, कारण ते सगळ्यांची समजूत घालतात. हातात फळांची करंडी, बगलेत कागद, तोंडात साखर. घरातल्या मोठ्या माणसाला कोपऱ्यात घ्यायचं, मालकाकडून काहीबाही कबूल करायचं आणि कागदावर सही घ्यायची. ज्याचं हाड मोडलं त्याला कुणी विचारत नाही, आणि ती बाई असेल तर मुळीच नाही. याला आम्ही घरातल्या घरात मिटवणं म्हणतो, आणि त्याचा वर अभिमानही बाळगतो.

दवाखान्याच्या बोळात त्यांना थोरली भेटली. आत सासूबाई ऊर बडवत होत्या, "माझी सोन्यासारखी पोर गं!" थोरलीचा नवरा धाकटीसाठी रक्त द्यायला धावला होता. जाताना त्याने बायकोकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

"ताई, जाऊबाई गाडी जोरात चालवायच्या का हो?" समजूतवाल्यांनी हळूच विचारलं.

"तिला सगळ्याचीच घाई," थोरलीच्या तोंडून निघून गेलं. "सगळ्यांच्या पुढे जायचं असतं तिला. पुढे घुसल्याशिवाय चैन पडत नाही."

ती ट्रकबद्दल बोललीच नव्हती, सहा वर्षांबद्दल बोलली होती. पण समजूतवाल्यांच्या कागदावर ते ट्रकबद्दलच लिहिलं गेलं. लिहिताना तिने पाहिलं, आणि ती गप्प बसली.

दीड महिन्याने धाकटी घरी आली. डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांत. डॉक्टर म्हणाले, आणखी एक मोठं ऑपरेशन झालं तर ती चालू शकेल, शिलाईचं मशीनही चालवेल, नाहीतर पाऊल कायमचं वाकडं राहील. ऑपरेशन घरच्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. आणि धाकटीला त्या दिवसाचं काही म्हणता काही आठवत नव्हतं. सकाळी पडद्यांच्या घड्या घातल्या, तिथेच तिची आठवण संपत होती.

थोरलीची खिडकीजवळची खोली धाकटीला दिली गेली. थोरलीचा नवरा, ज्याने जन्मात स्वतः पाणी घेतलं नव्हतं, तो धाकटीला सफरचंद सोलून देऊ लागला. सालं काढून, बिया काढून! भेटायला माणसांची रीघ. थोरली चहा करकरून थकली. एकदा तर तिच्या मनात येऊन गेलं, एवढं प्रेम मिळणार असेल तर तो ट्रेलर माझ्याच अंगावर का नाही आला? त्या विचाराची तिला स्वतःलाच किळस वाटली. जळणं मात्र थांबलं नाही.

वकीलबाई भेटायला आल्या, त्यांनी पट्ट्या पाहिल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"हे बघा, नुकसानभरपाई मागायचा हक्क हिचा आहे. नवऱ्याचा नाही, दिराचा नाही. हिच्या सहीशिवाय कुणालाही तो सोडून देता येणार नाही. झालेला उपचार, पुढचं ऑपरेशन, बुडालेलं काम, सोसलेलं दुखणं, सगळं मागता येतं. आणि नुसतं ड्रायव्हरकडे नाही, ट्रकच्या मालकाकडे. ट्रेलरचे ब्रेक शेवटचे कधी तपासले, वेग किती होता, याच्या नोंदी असतात. त्या नाहीशा व्हायच्या आधी जपून ठेवायला लावायच्या. फक्त डोळ्यांनी पाहिलेलं माणूस हवं. कुणी पाहिलं?"

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं.

"मी... मागे होते," थोरली म्हणाली. "धूळ फार होती."

तीन दिवसांनी समजूतवाले करंडी घेऊन हजर झाले. या खेपेला त्यांच्याकडे आणखी एक गोड बातमी होती. मालकांच्या गोदामात थोरल्या भावाला पक्की नोकरी! थोरल्याचा चेहरा उजळला. धाकटा भाऊ, म्हणजे धाकटीचा नवरा, नेहमीसारखं म्हणाला, "दादा सांगेल तसं." आणि थोरलीला, खरं सांगायचं तर, छातीत गार वाटलं. निदान आता तरी कुणीतरी तिच्या नवऱ्याचं, तिचं नाव आधी घेईल.

"सही धाकट्या ताईंचीच घेऊ," समजूतवाले मोठ्या मनाने म्हणाले. "दादा साक्षीला. वाचून दाखवतो हं. 'मी घाईने ट्रकच्या बाजूने पुढे घुसले. चूक माझी आहे. माझी काही मागणी नाही. सोबतच्या जाऊबाईंनी प्रसंग डोळ्यांनी पाहिला असून त्यांचंही हेच सांगणं आहे.'"

धाकटी पट्ट्यांतल्या पायाकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली.

"वहिनी, मी घुसले होते का हो? मला खरंच काही आठवत नाही." तिने पेनासाठी हात पुढे केला. "तुम्ही होतात तिथे. तुम्ही म्हणाल ते खरं. द्या, करते सही."

सहा वर्षांत थोरलीला कुणी एवढं मोठं केलं नव्हतं. तिचं कापणं कुणी पाहिलं नाही म्हणून ती जळत होती, आणि इथे ही पोर तिच्या एका शब्दावर अख्खा पाय टाकून द्यायला निघाली होती. थोरलीने पेन हिसकावून घेतलं.

"खोटं आहे ते. गाडी उभी होती!"

"अगं, काय बोलतेस!" नवरा ओरडला. "नोकरीचं तरी..."

"अहो, तिच्या पायावर उभी राहिलेली नोकरी करणार आहात का तुम्ही?"

समजूतवाल्यांच्या आवाजातली साखर संपली. "ताई, तेव्हा एक आणि आता एक? उद्या कोर्टात चारचौघांत विचारतील, आधी तसं का बोललात. तोंड दाखवायला जागा राहणार नाही. काय सांगाल?"

"सांगेन, जळत होते म्हणून!" थोरलीचा आवाज फाटला. "हिच्या चुण्यांवर, हिच्या कौतुकावर, अहो, हिच्या सफरचंदांवरसुद्धा जळत होते मी! लिहा ना आता. तेव्हा तर न सांगता लिहिलंत."

त्यांनी लिहिलं नाही. करंडी उचलली आणि गेले. सासूबाई तोंडाला पदर लावून थोरलीकडे नुसत्या बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंच्या सोबतीने दोघी जावा पोलीस चौकीत गेल्या. धाकटी चाकांच्या खुर्चीत, ढकलायला थोरली.

चौकीतल्या लेखनिकाने कागद पुढे ओढला. "काम काय करता?"

"पडदे कापते," थोरली म्हणाली.

"बेततात आणि कापतात," मागून धाकटी म्हणाली. "एक दोरा इकडचा तिकडे होत नाही. नीट लिहा."

थोरलीने डोळे पुसले. वाचकहो, हे चार शब्द ऐकायला ती सहा वर्षं तडफडली होती, आणि आता ते तिला सोसवेनात. आपल्या घरात असा कागद आला तर सही कुणाची घेतली जाते, आणि जिचं अंग मोडलं तिला कुणी विचारतं का, हे आपण एकदा आठवून पाहावं.

"गाडी उभी होती म्हणता," लेखनिक म्हणाला. "बरं. का उभी होती?"

वकीलबाईंनी हळूच सांगितलं, हे माहीत नाही म्हटलं तरी चालेल. खुर्चीतली धाकटी कान देऊन ऐकत होती. तिलाही ते माहीत नव्हतं.

"माझ्यासाठी," थोरली म्हणाली. "मी रुसून उतरले होते. ती हाका मारत होती आणि मी मुद्दाम हळू चालत होते. लिहा, माझी वाट बघत उभी होती."