‘बसवा’ला हात लावायचा नाही

माझा वरचा पुढचा दात मी स्वतः बनवला आहे. रंग निवडला, मेणात बसवला, टाळूला चिकटणारी गुलाबी पट्टी तयार केली, घासली, चकाकी दिली. लॅबमध्ये मी रोज लोकांच्या कवळ्या बनवते, त्यामुळे एक दात म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. खरा दात नवऱ्याने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फोडला. केस धरून तोंड दोनदा आपटलं. पहिल्यांदा ओठ फाटला, दुसऱ्यांदा दात गेला.

कारण विचाराल तर मी उलट उत्तर दिलं होतं. माझ्या जिभेला हाड नाही हे त्याला लग्नाआधीपासून माहीत होतं. तेव्हा त्याला त्याचं कौतुक वाटायचं.

मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, मग सासूबाईंना बोलावलं. सासूबाई म्हणाल्या, “बाथरूममध्ये पाय घसरला तिचा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.” मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण विश्वास कागदावर लिहिता येत नाही. काहीतरी आणा.”

ते काहीतरी होतं. नवऱ्याचा धंदाच कॅमेरे बसवण्याचा. दुकानांत बसवले, गोदामांत बसवले, आणि बायको दिवसभर काय करते ते बघायला आमच्या स्वयंपाकघरातही बसवला. मॅडमनी फोन करून विचारलं तर म्हणाला, तो नुसता शोभेचा आहे, आत काही नाही. चोर तो चोर, वर शिरजोर. सगळं चित्रण हॉलमधल्या संगणकावर साठत होतं, आणि तीस दिवस झाले की आपोआप पुसलं जात होतं. पासवर्ड तो दर आठवड्याला बदलायचा. माझा मोबाइल त्याने ठाण्याच्या फेरीनंतर काढून घेतला होता.

लॅबमध्ये मेणात दात बसवणाऱ्या माणसाला आम्ही मेणमामा म्हणतो. भंगारात निघालेले संगणक जिवंत करायचा त्याला नाद आहे. लॅबच्या तिन्ही संगणकांवर त्याने लिनक्स नावाची सिस्टिम चढवलीय, आणि जेवणाच्या सुट्टीत तो तिचे गोडवे गातो. फुकट आहे, कुणाची परवानगी लागत नाही, आत काय चाललंय ते कुणीही उघडून बघावं. इतके दिवस मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत होते.

“मामा, पासवर्ड नसताना संगणक उघडता येतो का?” मी विचारलं.

त्याने माझ्या ओठावरच्या टाक्यांकडे पाहिलं. कारण विचारलं नाही. “पासवर्ड त्याच्या सिस्टिमला आहे ना? मग ती सुरूच करू नकोस. पेनड्राइव्हवरून दुसरी सुरू कर. डिस्कला त्याने वेगळं कुलूप घातलं नसेल तर आतलं सगळं दिसेल.” मग त्याने बोट वर केलं. “दोन बटणं येतील. एक ‘करून बघा’, एक ‘बसवा’. ‘करून बघा’ दाबलंस तर त्याच्या संगणकाला ओरखडाही उठत नाही. ‘बसवा’ला हात लावायचा नाही. जुनं सगळं पुसलं जातं, मग बोंबलत बसलं तरी परत येत नाही.”

बुधवारी आमची लॅब दुपारी बंद असते. त्या बुधवारी दात जाऊन बावीस दिवस झाले होते. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी मामाने दिलेला पेनड्राइव्ह लावला आणि संगणक सुरू होताना दाबायची कळ वेळेवर दाबायला सात वेळा चुकले. आठव्यांदा पडदा निळा झाला. ‘करून बघा’ दाबलं आणि त्याच्या खुर्चीत, त्याच्याच संगणकावर एक अनोळखी, स्वच्छ घर उघडलं. पासवर्ड नाही, काही नाही. पाच मिनिटं मी खुळ्यासारखी नुसती बटणं दाबत बसले. पत्त्यांचा डाव निघाला तर तोही खेळले. मला हसू येत होतं.

मग त्याची डिस्क सापडली, त्यात तारखांची कपाटं सापडली. हवी ती तारीख उघडली. आवाज नव्हता. ओट्यावर माझं तोंड आपटताना दिसलं, एकदा, दोनदा. मी खाली पडले. मग सासूबाई आत आल्या, माझ्यावरून पाय टाकून पलीकडे गेल्या आणि गॅस बंद केला. तसाच पाय टाकून परत गेल्या. हे मला माहीतच नव्हतं. मी ते तीनदा पाहिलं.

चित्रण उचलून नव्या स्वच्छ पडद्यावर ठेवलं, संगणक बंद केला आणि पेनड्राइव्ह घेऊन दुसऱ्या दिवशी ऐटीत मामासमोर ठेवला. त्याने उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अगं, ही सिस्टिम म्हणजे पाहुणी. जाताना सगळं विसरून जाते. पडद्यावर ठेवलेलं संगणक बंद करताच गेलं. वेगळ्या कार्डावर उतरवायला हवं होतं, आणि हे सांगायचं मीच विसरलो.”

त्याआधी, बुधवारी संध्याकाळीच घरी व्हायचं ते झालं होतं. मी नवऱ्याचा संगणक वापरत होते तेवढा वेळ कॅमेऱ्याचं चित्रण थांबलं होतं. पन्नास मिनिटांची पोकळी त्याला लगेच दिसली. “पन्नास मिनिटं कोण होतं घरात?” तो विचारत राहिला. मी म्हणाले, “तुझ्यापेक्षा बरा होता.” त्याने माझा डावा हात ओट्याच्या ड्रॉवरमध्ये धरला आणि कंबरेने ड्रॉवर लोटला. दोन बोटं मोडली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

हातात एकच बुधवार उरला होता, एकोणतिसावा दिवस. या वेळी तो दिवसभर मोबाइलवर डोळ्यांत तेल घालून बसणार हे उघड होतं. कॅमेरे बंद पडले की दुकानातून घरी यायला त्याला वीस मिनिटं. तो अंगावरचं सगळं झडती घेऊन काढील, हेही उघड होतं. म्हणून मी एका हाताने दाताची नवी पट्टी बनवली, जरा जाड, आणि टाळूकडच्या बाजूला नखाएवढा कप्पा कोरला. मोबाइलमध्ये घालतात तेवढं कार्ड त्यात बरोबर बसत होतं. वरून मऊ मेण.

मामा बघत होता. “गिळू नकोस,” एवढंच म्हणाला.

बुधवारी सासूबाई शेजारी गेल्या आणि पहिल्याच झटक्याला पडदा निळा झाला. दात फुटला ते चित्रण कार्डावर उतरवलं, बोटं मोडली तेही उतरवलं. बारा मिनिटं झाली. कार्ड काढलं, कप्प्यात घातलं, मेण अंगठ्याने दाबलं, पट्टी टाळूला लावली. उठून चालू पडायचं होतं. एवढंच करायचं होतं.

पण पडद्याच्या कोपऱ्यात ‘बसवा’ दिसत होतं. मोडलेली बोटं ठणकत होती. गोदामांची, दुकानांची, माझ्या स्वयंपाकघराची, जिकडेतिकडे लावलेली त्याची नजर त्या एका डिस्कवर साठत होती. मामाचं बोट आठवलं आणि तरी मी दाबलं. ‘डिस्क पूर्ण पुसायची का?’ असं विचारलं. पूस म्हटलं. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

किती पुसलं ते दाखवणारा पट्टा अर्ध्यावर गेला आणि तो दारात उभा. चौदाच मिनिटांत आला होता.

पडदा त्याने वाचला. आधी पेनड्राइव्ह उपटून टाचेखाली चिरडला, मग माझ्याकडे वळला. “काय केलंस? बोल.” मी ओठ मिटून घेतले. पोटात गुडघा बसला. “बोल म्हणतो ना.” त्याने माझ्या लॅबच्या कोटाचे खिसे फाडले, पर्स उलटी केली, बुटांचे तळ उचकटले. आयुष्यभर तोंड आवर म्हणून मारणारा माणूस आता बोल म्हणून मारत होता, आणि मी, जिने कधी एक वाक्य सोडलं नाही, ती मुकी. मग त्याने मूठ आवळली आणि तोंडावर दिली. पट्टी आत कडकन फुटली. तोंड रक्ताने भरलं. दोन्ही तुकडे मी जिभेने टाळूला दाबून धरले आणि रक्त गिळत राहिले.

तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की मूळ चित्रण मी पुसलंय. जगात जे काही होतं ते माझ्या जिभेवर होतं.

तो संगणक परत सुरू करायला वाकला. काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ आली, सुरू करायला आत काहीच नाही अशी. त्याने वळून बघायच्या आत मी उजव्या हाताने कीबोर्ड उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. कळा फरशीभर उडाल्या. परत घातला. भुवई फाटली, तो गुडघ्यावर आला, आणि मी दारातून बाहेर पडले.

रस्त्यात दोघातिघांनी विचारलं, काय झालं. मी मान हलवत चालत राहिले.

ठाण्यात मॅडमनी खुर्ची पुढे केली. मी त्यांच्या टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर तोंड रिकामं केलं. रक्त, मेण, गुलाबी पट्टीचे दोन तुकडे, एक दात आणि काळं कार्ड. त्या क्षणभर मागे सरकल्या. मग त्यांनी स्वतःच्या रुमालाने कार्ड पुसलं.

“मूळ कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“पुशलं मी. रागात.” दाताशिवाय स नीट येत नव्हता.

“बाई, त्याचंच काम केलंत तुम्ही.” त्या चिडल्या होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांनी कार्ड संगणकाला लावलं. काही झालं नाही. काढलं, फुंकर मारली, परत लावलं. देवाला हात जोडावेत तर डाव्या हाताच्या मोडक्या बोटांना आधाराच्या कामट्या बांधलेल्या.

मग माझं स्वयंपाकघर दिसलं.

मॅडमनी ते शेवटपर्यंत पाहिलं. बोटांचंही चित्रण पाहिलं, वेळ टिपून घेतली. तेवढ्यात बाहेर सासूबाईंचा आवाज आला. सुनेने पोराचं डोकं फोडलं अशी तक्रार द्यायला त्या आल्या होत्या. मॅडमनी त्यांना आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं.

“आणि त्या दाताचं काय झालं होतं, आजी? परत एकदा सांगा.”

“सांगितलं की. बाथरूममध्ये घसरली. मी होते ना तिथे.”

मॅडमनी पडदा त्यांच्याकडे वळवला. ओट्यावर माझं तोंड दोनदा आपटलं. मी खाली पडले. दारातून त्या आल्या, माझ्यावरून पाय टाकला, गॅस बंद केला, पाय टाकून परत गेल्या. मॅडमनी चित्र तिथेच थांबवलं. पाय अर्धवट उचललेला होता, खाली माझे केस.

सासूबाई त्या पायाकडे बघत होत्या. मग त्यांनी मॅडमकडे नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि खरंच समजावून सांगावं तशा म्हणाल्या, “दूध उतू जात होतं गं.”