कमान कशाला?

"माणसाने पाण्यावर मिळवलेला सर्वांत देखणा विजय म्हणजे डच लोकांचं वाफेवर चालणारं पंपिंग स्टेशन!" असं विश्वासरावांनी भारदस्त आवाजात जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत साबण होता आणि शॉवर दोनदा खोकून गप्प झाला होता.

"स्वल्प थांबा," बाहेरून मथुराबाई म्हणाल्या. "पिण्यातलं तांब्याभर देते. तोवर विजय आवरा."

व्हाइटफील्डमधल्या त्या सोसायटीचं नाव 'लेक ब्रीझ'. लेक कुठे आहे, असं तिथे कुणी विचारत नाही, कारण सोसायटी त्याच्यावरच उभी आहे. विश्वासरावांचं घराणं शहाजीराजांबरोबर बेंगळुरूला आलं आणि परत जायचं कुणी बोललंच नाही. जयनगरचं घर विकून इथे येईपर्यंत त्यांनी एका सरकारी खात्यात नकाशे काढले. पंपहाऊसचे नकाशे. चार भिंती, वर स्लॅब, लोखंडी दार, दारावर कवटी. तरुणपणी एकदा त्यांनी खिडकीवर कमान काढली. फाइल परत आली. वर साहेबांचा एकच शेरा होता: 'कमान कशाला?' विश्वासरावांना उत्तर सुचेना. सुचेल सुचेल म्हणता निवृत्ती आली.

गेल्या वर्षी ते मुलीकडे, सौम्याकडे, हॉलंडला गेले. तिने त्यांना फ्रीसलंडमधल्या लेमर गावचं पंपिंग स्टेशन दाखवलं. बांधावर विटांची लांबलचक इमारत, शेजारी आभाळात घुसलेली चिमणी. १९२० साली खुद्द राणीने उद्घाटन केलेलं, आणि अजून वाफेवरच चालणारं. मुलखात पाणी वाढलं की बॉयलर पेटवायचे आणि मिनिटाला चाळीस लाख लिटर पाणी बांधापलीकडे फेकून द्यायचं. हे सगळं ठीक. पण पाणी फेकायच्या त्या खोलीला उंच, कमानदार खिडक्यांची रांग होती, एखाद्या देवळाला असावी तशी. विश्वासराव त्या खिडक्यांखाली इतका वेळ उभे राहिले की मथुराबाईंना वाटलं, यांना ऊन बाधलं. हॉलंडमध्ये ते शक्य नव्हतं.

परत आल्यावर गणपती मंडळाची अध्यक्षा मनस्विनी घरी आली. पुण्याची मुलगी, चालताना ऑफिसचा कॉल एका कानात.

"काका, या वर्षी डेकोरेशन युनिक हवं. लास्ट इयर केदारनाथ केलं. त्याच्या आधीपण केदारनाथच केलं."

विश्वासरावांनी फोटो काढून पुढे ठेवले. आयुष्यात एकदा, प्लायवूड आणि पुठ्ठ्याची का होईना, कमानी असलेली इमारत त्यांना उभी करायची होती.

कमिटीच्या बैठकीत नंदकिशोरने चष्मा वर करून फोटो पाहिले. सोसायटीत काहीही झालं तरी कमिटीत नंदकिशोर असतोच.

"छान आहे. पण हे पाणी आणतं कुठून?"

"आणत नाही. फेकतं."

"फेकतं?"

"समुद्राकडे."

सगळा उन्हाळा टँकरच्या मागे धावलेली माणसं ती. नंदकिशोरने फोटो पालथे ठेवले.

"बाप्पासमोर पाणी वाया घालवायचं?"

"अहो, तिकडे पाणी जास्त आहे."

"मग आपल्याला द्यावं की!"

"काका," मनस्विनी समजुतीने म्हणाली, "पाइप उलटा लावता येईल ना? पाणी आत येतंय असं दाखवू. पॉझिटिव्ह वाटेल."

"सरी," विश्वासराव कानडीत 'बरं' म्हणाले. अशा रीतीने शंभर वर्षं पाणी बाहेर टाकणारं स्टेशन व्हाइटफील्डला येऊन पाणी आत घेऊ लागलं.

मग चिमणी. ती क्लबहाऊसच्या छताला लागत होती, म्हणून अर्धी कापली. उरलेल्या बुडख्याला तुळशीवृंदावन समजून बायकांनी आधीच हळदकुंकू वाहिलं. विश्वासराव त्यावरही "सरी" म्हणाले.

मग एक दिवस नंदकिशोर लाइटचा बोर्ड घेऊन आला. वर मंडळाचं नाव झगमगत होतं. "काका, या कमानी काढून सरळ पट्टी केली तर बोर्ड मस्त बसेल. तसंही पंपहाऊसला कमान कशाला?"

विश्वासरावांच्या हातातली कात्री थांबली. बोटांना फेविकॉल, गुडघ्यात कळ, आणि उत्तर अजूनही सुचलेलं नाही.

"नंदकिशोर, चिमणी घेतलीत. पाणी उलटं फिरवलंत. मी काही बोललो? आता कमानीला हात लावलात तर मी घरी जाऊन झोपेन."

"अहो काका, रागावू नका."

"रागवायला अंगात जोर लागतो. मी झोपेन म्हणालो."

या धमकीत काय होतं कोण जाणे. बोर्ड गेला चपलांच्या स्टँडवर.

गणपती इंजिनांच्या दालनात, कमानींच्या रांगेखाली बसले. आरतीनंतर सौम्याने व्हिडिओ कॉलवर पाहिलं. "अण्णा, कमानी अगदी तशाच! पण पाणी उलटं कसं?"

"बेंगळुरू आहे, बाळ," विश्वासराव म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

चौथ्या रात्री, देखाव्यात पाइपाखाली केलेल्या छोट्या तळ्यातलं खरं पाणी कुणीतरी बादलीने नेलं. कुणी नेलं, याची चौकशी झाली नाही. आपल्या आधी दुसऱ्याला सुचलं, एवढीच हळहळ.

विसर्जनाच्या संध्याकाळी ढोल वाजू लागले तसे विश्वासराव कमानींशेजारी खुर्ची टाकून बसले. गेल्या वर्षीचं केदारनाथ विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याच्या टेम्पोतून गेलेलं त्यांनी पाहिलं होतं.

"मनस्विनीला विचारा की," मथुराबाई हळूच म्हणाल्या. "लॉबीत तो कोपरा रिकामाच आहे. कमानी ठेवतील तिथं."

"मी नाही विचारणार. चाळीस वर्षं विचारलं. आता कुणीतरी मला विचारू दे."

"मग बसा."

ते बसले. आणि खरोखरच गर्दीतून वाट काढत मनस्विनी त्यांच्याकडेच आली. कानात कॉल नव्हता. तिने एकवार कमानींकडे पाहिलं, मग हात जोडले.

"काका, एक विनंती होती. कसं विचारू कळत नाहीये. तुम्हाला थोडा त्रास होईल."

मथुराबाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. विश्वासराव ताठ झाले. एकदा नको म्हणायचं आणि लगेच हो म्हणायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"विचार, बाळ. संकोच करू नकोस."

"टँकर आलाच नाही हो. खाली विसर्जनाचा ड्रम कोरडा आहे. तुमच्याकडे एक बादली पाणी मिळेल का?" तिने मूर्तीकडे पाहून अंदाज घेतला. "अर्धी असली तरी चालेल."