भूक निजवणारी डबी

टक्. स्वयंपाकघरात कसल्याशा डबीचं झाकण उघडलं आणि दुपारची शांतता तेवढ्याने हलली.

जयंती लॅपटॉपपुढे बसल्या बसल्या पेंगत होती. मुलुंडच्या त्या चौथ्या मजल्यावर दुपार अशीच यायची, पडद्यातून गाळून आलेल्या उजेडावर तरंगत. समोरचा येऊरचा डोंगरही पाण्यात पाहावा तसा डुलायचा. मग वास आला. भाजलेल्या तंबाखूचा, कडूसर, ओळखीचा. क्षणभर तिला वाटलं, आपण भांडुपच्या टेकडीवरच आहोत, तव्यावर मिश्री भाजत गप्पा हाणणाऱ्या बायकांत. समाजशास्त्र शिकून ती तिथे व्यसनं रोखायच्या कामाला लागली, त्याला आता किती वर्षं झाली. कामावर येणाऱ्या नव्या पोरींना ती एकच गोष्ट शिकवायची: बाई मिश्री का लावते ते आधी विचारा, सोड म्हणायचं ते मागाहून. आमची मॅडम ओरडत नाय, असं टेकडीवरच्या बायका कौतुकाने सांगत.

डोळे चोळत ती उठली. ओट्याखाली फरशीवर तिची चार वर्षांची प्रांजल मांडी घालून बसली होती. मांडीत पत्र्याची डबी, आणि काळं झालेलं बोट दातांवरून अगदी मन लावून फिरत होतं.

जयंतीची झोप कुठल्या कुठे पळाली. पोरीला उचलून तिने बेसिनशी चुळा भरायला लावल्या. प्रांजल ओकली, रडली, मग दमून आईच्या खांद्यावर पडली. डॉक्टर फोनवर म्हणाले, ओकून पडलंय ते बरं झालं, पण लगेच घेऊन या, एकदा बघतो.

बाल्कनीच्या दारात शकुमावशी उभी होती, हातात पिळलेला टॉवेल. भांडुपहून भल्या सकाळी येऊन ती प्रांजलला सांभाळायची, म्हणून तर जयंतीला टेकडी चढता यायची. कनवटीची डबी कधी गळून पडली कळलंच नाही, असं ती पुटपुटली.

"माझ्या घरात, मावशी?" जयंतीचा आवाज चढला. "मी जगभर हेच सांगत फिरते, आणि माझ्याच घरात? उद्यापासून येऊ नका तुम्ही."

शकुने उलट शब्द काढला नाही. टॉवेल दोरीवर टाकला, त्याला चिमटा लावला, पिशवी उचलली. चपला घालताना एवढंच म्हणाली, "पेज ठिवलीया ताई, पोरीला पोटात काही तरी जाऊ द्या."

दार लागलं. पडदा पुन्हा हलू लागला, उजेड पुन्हा पाण्यासारखा भिंतीवर पसरला, आणि त्या उजेडात जयंतीला हळूहळू उमगलं की तिने काही विचारलंच नव्हतं. डॉक्टरांकडे निघायला तिने प्रांजलला कडेवर घेतलं, पण पावलं आधी बाल्कनीकडे वळली. खाली गेटमधून शकु बाहेर पडत होती, वरून बाहुलीएवढी. एक हाक मारली असती तर तिने मान वर केली असती. हाक ओठांपर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"आई," प्रांजल तिच्या मानेत तोंड खुपसून बोलली, "मावशी सांगते, हे लावलं ना, की भूक झोपून जाते."

जयंतीने तिच्या ओठाशी राहिलेला काळा डाग बोटाने पुसला.

"आपल्याकडे एवढी पेज असते. मग मावशी तिच्या भुकेला का झोपवते?"